कयाधूकाठचं आपलं गाव : पंचेचाळीस वर्षं राहिलेला गृहपाठ



संयोजकांनी मला सांगितलं, "तू जन्मभर पाटबंधाऱ्याची नोकरी केलीस. आपल्या गावाच्या भूगोलावर आणि इतिहासावर वीस मिनिटं बोल. फक्त जेवण गार होऊ देऊ नको." मी लगेच हो म्हणालो, कारण हे भाषण मला पंचेचाळीस वर्षांपासून देणं आहे.

नववीत असताना भूगोलाच्या सरांनी 'माझे गाव' या विषयावर चार पानं लिहून आणायला सांगितलं होतं. मी एका गाइडमधून निबंध उतरवला. त्यात गावाला दोन नद्या होत्या, टेकडीवर देवीचं देऊळ होतं, जवळच पेशव्यांचा वाडा होता. सरांनी वही वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "हे पुणं छान लिहिलंस. पण कामून रे, आपल्या गावाला नदी नाही का?" मी म्हणालो, "आहे सर, पण तिच्यात लिहिण्यासारखं काय आहे?" सरांनी मारलं नाही. वही परत दिली आणि म्हणाले, "एक दिवस नदीच्या काठानं चालून ये. मग लिही."

मी गेलो नाही. दहावी झाली, परभणी झालं, औरंगाबाद झालं, नोकरी लागली. दुसऱ्यांच्या नद्या मोजत तीस-पस्तीस वर्षं गेली. निवृत्त होऊन गावी परतलो, तेव्हा पहिल्यांदा कयाधूच्या काठानं चाललो. सर मात्र आता नाहीत. त्यामुळं ही वही मी आज तुम्हा सगळ्यांपुढं तपासायला ठेवतो.

आधी भूगोल.

कयाधू हे नाव ऐकताना आपल्याला काही वाटत नाही, कारण ते रोजचं आहे. पण पुराणात कयाधू ही हिरण्यकशिपूची बायको, म्हणजे भक्त प्रल्हादाची आई. आपण आपल्या नदीला गंगेचं किंवा यमुनेचं नाव दिलं नाही. नवरा देवाचं नाव घेऊ देत नसताना ज्या बाईनं असा मुलगा वाढवला, तिचं नाव दिलं. आणि याच नदीच्या काठावर, आपल्या गावापासून सतरा-अठरा किलोमीटर वर, नर्सी आहे. परंपरेनं संत नामदेवांचं जन्मगाव ते हेच.

ही नदी वाशिम जिल्ह्यात रिसोड तालुक्यात उगम पावते. तिथून सेनगाव तालुक्यातून नर्सीवरून हिंगोलीला येते, कळमनुरी तालुक्यातून पुढं जाते आणि नांदेड जिल्ह्यात हदगाव तालुक्यात पैनगंगेला मिळते. बारमाही नाही. पावसाळ्यात दोन-चार दिवस अंगावर धावून येते आणि मार्चमध्ये तिच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळतात. आपणही खेळलोच की.

असं का होतं, हे सरांनी फळ्यावर काढून दाखवलं होतं, ते मला नोकरीत कळलं. आपल्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण आहे, लाव्हाच्या थरांवर थर. वरची काळी माती पाणी धरून ठेवते म्हणून कापूस येतो. पण खालचा अखंड पाषाण पाणी सहजासहजी मुरू देत नाही. जिथं भेगा आहेत, जिथं झिजलेला मुरूम आहे, तिथंच विहिरीला पाणी लागतं. म्हणून एकाच बांधाच्या अलीकडची विहीर उन्हाळ्यात भरलेली आणि पलीकडची कोरडी, हे आपण पाहतो आणि नशिबाला बोल लावतो. नशीब नाही, तो खडक आहे. औंढ्याच्या नागनाथाच्या देवळाचा खालचा कोरीव भाग पाहा. हेमाडपंती कारागिरांनी वापरलेला तो काळा दगड आणि आपल्या विहिरीत सुरुंगाला दाद न देणारा दगड, एकाच जातीचे.

आता एक गंमत सांगतो. हिंगोली आणि औंढा यांच्यामधल्या माळावर पावसाचे दोन थेंब शेजारी-शेजारी पडले असं समजा. एक उत्तरेच्या उतारानं कयाधूत गेला. दुसरा दक्षिणेकडं पूर्णेत किंवा आसनेत गेला. दुसरा लवकरच गोदावरीला मिळेल, नांदेडच्या घाटावरून तेलंगणात जाईल. पहिला मात्र लांबच्या वाटेनं निघाला : कयाधूतून पैनगंगेत, पैनगंगेतून वर्धेत, वर्धा आणि वैनगंगा मिळून झालेल्या प्राणहितेत, आणि शेवटी सिरोंच्याजवळ कालेश्वराला गोदावरीत. शेजारी पडलेले दोघं तिथं पुन्हा भेटतात. आज या सभागृहात मला तेच दिसतंय. कोणी मुंबईच्या वाटेनं गेलं, कोणी हैदराबादच्या, कोणी इथंच राहून शेती केली. कालेश्वर मात्र आज आपल्या शाळेच्या पटांगणात आहे.

आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेला पूर्णा आहे, तिच्यावर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणं झाली. त्यांच्या कालव्यांनी वसमतचं शिवार हिरवं केलं. वसमतच्या हळदीला आज भौगोलिक मानांकन आहे, त्यात या पाण्याचा वाटा आहे. उत्तरेला पैनगंगा आहे, तिच्यावर इसापूर झालं. मधली कयाधू मोठ्या धरणाशिवाय राहिली. दोन श्रीमंत बहिणींच्या मध्ये राहिलेली ही गरीब बहीण, आणि आपण तिच्या घरचे.

आता इतिहास.

नामदेवांचा जन्म १२७० सालचा मानतात. औंढ्याच्या देवळात विसोबा खेचरांनी त्यांना गुरुपदेश केला, ही कथा आपण आजीकडून ऐकली आहे. पण नामदेव पंढरपूरला थांबले नाहीत, पंजाबपर्यंत गेले. त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पंजाबात घुमान इथं भरलं, ते नामदेवांमुळं. आषाढी झाल्यावर परतवारीला नर्सीत गर्दी होते, तेव्हा मला वाटतं, शिंप्याच्या घरात जन्मलेला आपल्या नदीकाठचा मुलगा सातशे वर्षांपूर्वी इतकी मजल मारतो, आणि मी नववीत लिहितो की इथं लिहिण्यासारखं काय आहे!

आपल्या गावातल्या भागांची नावं घ्या : पलटण, रिसाला, तोपखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार. आपण या नावांचे पत्ते पाकिटावर लिहिले, पण ती आली कुठून हे कधी विचारलं नाही. ही सगळी छावणीची नावं आहेत. रिसाला म्हणजे घोडदळ. पलटण म्हणजे पायदळ. हा शब्द इंग्रजी 'बटालियन'वरून आला की फ्रेंच 'पेलोतों'वरून, यावर कोशकारांत वाद आहे. फ्रेंचांचं नाव इथं उगाच येत नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी निजामाच्या पदरी रेमाँ नावाच्या फ्रेंच सेनापतीच्या पलटणी होत्या. १७९८ साली इंग्रजांनी निजामाशी तह करून त्या मोडायला लावल्या. पुढं इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली निजामाच्या पैशानं जी फौज उभी राहिली, ती हैदराबाद कंटिंजंट. तिचं एक ठाणं १८१९ पासून १९०३ पर्यंत हिंगोलीला होतं. गावाला हे ठाणं मिळालं त्यामागं भूगोलच आहे : उत्तरेला पैनगंगा, पलीकडं वऱ्हाड, आणि ये-जा करणाऱ्या सगळ्या वाटांवर नजर ठेवता येईल असा हा माळ.

छावणी आली की बाजार येतो, आणि बाजार आला की भले-बुरे सगळेच येतात. मेडोज टेलर हा निजामाच्या नोकरीतला इंग्रज अधिकारी. त्यानं १८३९ साली ठगांवर एक गाजलेली कादंबरी लिहिली. तिच्या प्रस्तावनेत हिंगोली आहे. इथं हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. खुद्द टेलरनंही त्याच्याशी व्यवहार केले होते. या हरिसिंगानं मुंबईहून कापड आणण्यासाठी साहेबाकडून रीतसर परवाना घेतला. ते कापड होतं दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचं. वाटेत त्या व्यापाऱ्याला आणि त्याच्या माणसांना मारून, साहेबाच्याच परवान्यावर माल छावणीत आणून यानं उघड विकला. तो या भागातल्या ठगांचा म्होरक्या निघाला. ही गोष्ट वाचल्यावर मी सदर बाजारातून जाताना दुकानाच्या पाट्या जरा सावकाश वाचतो.

या फौजेचा खर्च निजामाला पेलवेना. आधी हैदराबादच्या पामर कंपनीचं कर्ज झालं, मग इंग्रजांचीच बाकी साचली. शेवटी १८५३ च्या तहानं फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. म्हणजे पलटण, रिसाला, तोपखाना यांच्या पगारापायी पैनगंगा दोन राज्यांची सीमा झाली. नदीच्या पलीकडं उमरखेड, पुसद, वाशिम इंग्रजांकडं. अलीकडं आपण निजामाकडं. त्यांच्याकडं शाळा-कचेरीत मराठी, आपल्याकडं उर्दू. आपल्या आजोबांची सातबाऱ्याची जुनी कागदपत्रं उर्दूत आणि वऱ्हाडातल्या मामाची मराठीत, याचं कारण हे. १९०२ साली कर्झनशी करार होऊन वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानं गेलं, पुढच्या वर्षी कंटिंजंट मोडली आणि हिंगोलीची छावणी उठली. सैनिक गेले, नावं राहिली.

छावणी उठली तरी गाव उठलं नाही, कारण काळ्या मातीत कापूस होता. १९१२ साली पूर्णेहून मीटर गेजची गाडी हिंगोलीपर्यंत आली, आणि कित्येक वर्षं रूळ इथंच संपत होते. पुढं ते अकोला-खंडव्याला जोडले गेले. मीनाक्षी एक्सप्रेसच्या शिट्टीवर आपल्या घरची घड्याळं लावली जायची, आठवतं? २००८ साली ब्रॉड गेज झालं आणि ती शिट्टी बदलली.

मुक्तिसंग्रामाचं मी वेगळं काय सांगू? या सभागृहात त्या घरांतली मुलं-मुली बसली आहेत. देश १९४७ साली स्वतंत्र झाला, आपण आणखी तेरा महिने थांबलो. पैसे नसल्यामुळं झालेली ती सीमा तेव्हा कामाला आली. पलीकडं वऱ्हाडात लढणाऱ्यांना आसरा होता, रात्री नदी ओलांडली की निजामाचे पोलीस मागं राहत. वसमत तालुक्यातल्या वापटीच्या बहिर्जी शिंद्यांनी प्राण दिले, वसमतचं महाविद्यालय त्यांच्याच स्मरणार्थ आहे. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण सुटलो. १९५६ ला मुंबई राज्यात, १९६० ला महाराष्ट्रात, आणि १ मे १९९९ ला परभणीतून वेगळे होऊन हिंगोली जिल्हा.

आणि आता जग इकडं येतंय. औंढा तालुक्यात दुधाळा-अंजनवाडा शिवारात लायगो-इंडियाची प्रयोगशाळा होणार आहे. केंद्र सरकारनं २०१६ साली तत्त्वतः आणि २०२३ साली २,६०० कोटींच्या खर्चाला मंजुरी दिली. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांतून लेझर, आणि दूरच्या विश्वात कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की इथं त्याची थरथर टिपायची. अशी अमेरिकेत दोन केंद्रं आहेत. नवं केंद्र आपल्याकडं, कारण हा जुना, शांत खडक आणि कमी वर्दळ. मार्च २०२४ मध्ये ४.५ चा धक्का बसून आपल्या घरची भांडी वाजली, तेव्हा माझा नातू म्हणाला, "आजोबा, कृष्णविवर आलं का?" असो.

मित्रांनो, इथपर्यंतचं लिहून मी थांबलो असतो तर सरांनी दहापैकी सात दिले असते. पण नदीच्या काठानं चालल्यावर आणखी एक गोष्ट लिहावी लागली. ती ऐकायला जड आहे.

निवृत्तीच्या पैशातून मी गावाबाहेर नव्या वसाहतीत प्लॉट घेतला. प्लॉटच्या कडेनं एक छोटा ओढा जात होता, वर्षातले दहा महिने कोरडा. मी अभियंता माणूस. ओढ्यात मुरूम टाकला, खाली एक सिमेंटचा पाइप ठेवला आणि वरून कंपाउंडची भिंत घातली. पाच फूट जागा वाढली. बायको म्हणाली, "पाणी कुठून जाईल?" मी म्हणालो, "पाइप आहे ना." तीस वर्षं मी दुसऱ्यांना पुराचा विसर्ग शिकवला होता. स्वतःच्या भिंतीला तो हिशेब लावला नाही.

एका रात्री मोठा पाऊस झाला. पाइप काडीकचऱ्यानं तुंबला. पाणी माझ्या भिंतीला अडलं आणि शेजारच्या घरात शिरलं. गुडघाभर. त्या घरातलं धान्य गेलं, मुलीच्या लग्नासाठी आणून ठेवलेलं सामान भिजलं. ते घर आपल्याच वर्गातल्या मित्राचं आहे. तो इथं बसलेला आहे आणि त्याची परवानगी घेऊनच मी हे सांगतोय. सकाळी मी चिखलात उभा राहून म्हणालो, "पाऊसच फार झाला रे." तो काही बोलला नाही. झाडू मारत राहिला.

पाऊस फार झाला हे खरं होतं. पण पाण्याची वाट मी अडवली होती, हे जास्त खरं होतं. ते त्याच्या तोंडावर म्हणायला मला सहा महिने लागले. मग भिंत पाडली. मुरूम काढायला मजूर लावले, तर पहिल्याच दिवशी तो स्वतः घमेलं घेऊन हजर. म्हणाला, "नववीत सर तुला म्हणाले होते ना, नदीच्या काठानं चाल. तू ओढ्यापासून सुरुवात कर." आज सगळ्यांसमोर पुन्हा एकदा : गड्या, माझं चुकलं.

मी एकटा असतो तर गोष्ट लहान होती. पण कयाधूला मिळणारे असे किती ओढे आपण सगळ्यांनी मिळून बुजवले? घरचं सांडपाणी, प्लॅस्टिक, मंडपाचं उष्टं कुठं जातं? वाळू कुठून येते? वाळू गेली की पात्रातलं साठवण जातं, आणि काठच्या विहिरी उतरतात. नदी आटली म्हणून आपण तिच्या नावानं रडतो, आणि पूर आला की तिच्याच नावानं ओरडतो. दोन्ही वेळा ती आपल्या उतारानं चाललेली असते.

माझी मुलगी फ्रान्समध्ये नोकरीला आहे. तिच्याकडं गेलो तेव्हा तिनं मला ल्वार नदीकाठची छोटी-छोटी गावं दाखवली. आपल्या सेनगाव-कळमनुरीएवढी. तिथं पुलाच्या खांबांवर, जुन्या घरांच्या भिंतींवर दगडात आडव्या रेघा कोरलेल्या आहेत आणि पुढं साल : १८४६, १८५६, १८६६. त्या-त्या वर्षी पूर इथपर्यंत आला होता. बस, एवढंच. ना पुतळा, ना कमान. पण घर बांधणारा प्रत्येक माणूस ती रेघ पाहतो. नदीला किती जागा लागते, हे गाव विसरत नाही.

माझी या बॅचला एकच विनंती आहे. आपण स्मरणिका काढतोय, वर्गणीतून काही पैसे उरतील. त्यातून कमान किंवा फळा देऊ नका. आपल्या शाळेच्या भिंतीवर कयाधूचा नकाशा रंगवून घेऊ : उगम, नर्सी, हिंगोली, संगम, आणि तिला मिळणारा प्रत्येक ओढा त्याच्या नावासकट. ज्या ओढ्यांची नावं विसरलो, ती म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहू. आणि काठावर जिथं-जिथं पुराचं पाणी चढल्याचं लोकांना खात्रीनं आठवतं, तिथं एक दगड रोवून रेघ मारू. नववीच्या मुलांना दरवर्षी एक दिवस काठानं चालवू. पहिल्या वर्षी त्यांच्याबरोबर मी चालेन, गुडघे दुखले तरी.

बाई, तुम्ही सरांच्या सहकारी होतात. ही वही आता तुमच्याकडं देतो. गाइडमधून उतरवलेली नाही. शेवटच्या पानावर ओढ्यांची यादी आहे. सतरा नावं मिळाली, बाकीच्या जागा कोऱ्या सोडल्या आहेत. समोर बसलेल्यांनी जेवण झाल्यावर त्या भराव्यात.

जेवण गार झालं असेल तर दोष माझा.